नऊ वाजून सव्वीस मिनिटं

आमच्या ऑफिसात काहीही बिघडलं की पहिली बोंब माझी असते, आणि ती हमखास भलत्याच माणसाच्या नावानं असते. तीस वर्षांत हे मला तोंडावर कुणी सांगितलं नाही. मॅनेजरला कोण सांगणार? म्हणून मीच सांगतो.

मी रुपचंद, ऑफिसात सगळ्यांचा नाना. जळगावच्या झमकूबाई रोडलाइन्समध्ये मॅनेजर. मालवाहतुकीचा धंदा आमचा. केळीच्या रोपांचे ट्रे, पंपांचे सुटे भाग, दादर ज्वारीची पोती, कुणाच्या लेकीच्या संसाराची भांडी, जे येईल ते आम्ही पोचवतो. धुळे, पाचोरा, पारोळा इथं आमचे काउंटर आहेत आणि यंदाच्या दिवाळीपासून साक्रीलाही. प्रत्येक मालाची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, कॉम्प्युटरवर बनते आणि सगळे काउंटर जळगावच्या एकाच सर्व्हरला जोडलेले आहेत. तो सर्व्हर माझ्या केबिनमध्ये, मालकांच्या आई झमकूबाई यांच्या हार घातलेल्या फोटोखाली बसतो, कारण एसी तेवढ्या एकाच खोलीत आहे. दिसायला तो काही देखणा नाही. काळी खिडकी उघडते, नाव विचारते, पासवर्ड विचारते आणि मग मेनू येतो: बिल्टी, गाडी, गोडाऊन, डिलिव्हरी. चित्र नाही, रंग नाही. मालक महावीरशेठ. त्यांचा पुतण्या जिनेश पुण्याला शिकून आल्यापासून त्याला तो काळा पडदा डोळ्यांसमोर नकोसा झालाय.

सर्व्हर सांभाळते मोहिनी. साक्रीजवळच्या खेड्यातली पोर, धुळ्याला डिप्लोमा केलेला, चार वर्षं आमच्याकडे आहे. बोलते फार कमी, आणि कमी बोलणारं माणूस मला मुळात पटत नाही. शिवाय सर्व्हर ज्यावर चालतो ते युनिक्स मलाही येतं. चौऱ्याण्णव साली शेठनी मला तीन महिन्यांच्या क्लासला घातलं होतं. त्यातला फाईल लिहिण्याचा जुना एडिटर अजून माझ्या बोटांत आहे, आणि ही गोष्ट मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवतो.

लाभपंचमीला आम्ही नव्या वर्षाच्या कामाचा मुहूर्त करतो. यंदा गुरुजींनी नऊ वाजून सव्वीस मिनिटांचा काढून दिला होता. नव्या वह्या, गोडाऊनचं रजिस्टर, ड्रायव्हरांच्या डायऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर मी माझ्या हातानं श्री लिहिला, पेढे वाटले, आणि कुलूप लावून आम्ही आपापल्या घरी गेलो. मोहिनी सुट्टीवर गावी होती. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच धुळ्याच्या काउंटरवरच्या लोटनचा फोन आला. "नाना, खिडकी उघडस, पासवर्ड लेस, आनि लगेच मिटी जास. बठ्ठास्नं असंच व्हयी राहिनं."

"दिवाळीचं अंग जड झालंय तुमचं," मी म्हणालो. "पासवर्ड नीट टाका."

फोन ठेवला नाही तोच पारोळा, मग पाचोरा, मग आमच्याच खालच्या काउंटरची मंदाबाई धापा टाकत वर आली. सगळ्यांची एकच तक्रार: पासवर्ड घेतला की खिडकी मिटते. मी सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डपुढे बसलो, माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मेनू समोर हजर! "हे बघा," मी मंदाबाईला दाखवलं, "मला चालतं. तुम्हाला का चालत नाही?" मी सगळ्यांना फोनवर एकेक करून झापलं आणि बिल्ट्या हातानं लिहायला लावल्या. जिनेश आला, त्यानं सर्व्हर चार वेळा बंद-चालू केला. काही फरक पडला नाही.

"साक्रीचं नाव घालायला मोहिनीनं दिवाळीआधी मेनू नव्यानं लिहिला ना?" जिनेश म्हणाला. "मग झालं. घोळ तिचाच आहे."

मला ते लगेच पटलं. इतक्या लवकर पटण्यासारखं त्यात काय होतं, हे आता विचारू नका.

मोहिनीला फोन लावला. मी पाच मिनिटं ओरडलो. ती ऐकत राहिली आणि मग तिनं फक्त तीन गोष्टी विचारल्या. खिडकी पासवर्डच्या आधी मिटते की नंतर? तुमच्या केबिनमधून चालतं, ते कुणाच्या नावानं? आणि सुट्टीत सर्व्हरला कुणी हात लावला का?

"कोण लावणार?" मी म्हणालो. "मुहूर्ताला मीच होतो इथं. कुणी हात लावलेला नाही."

"बरं. निघते, नाना," ती म्हणाली.

साक्रीहून धुळे, धुळ्याहून जळगाव, दोन एसट्या बदलून ती साडेबाराला पोचली. हातात डबा, खांद्याला पिशवी. कुणाला सफाई दिली नाही, कुणावर डाफरली नाही. खुर्ची ओढली, वही काढली, कोऱ्या पानावर तारीख आणि वेळ लिहिली. मला राहवलं नाही. नव्या पानावर आधी तारीख? मी वही ओढून घेतली, पानाच्या डोक्यावर श्री लिहिला आणि परत दिली. "ही रीत असते," म्हणालो. तिनं मान डोलावली आणि खाली लिहायला लागली.

तिनं मला माझ्याच नावानं केबिनमधून आत जायला सांगितलं. गेलो. मग तेच नाव, तोच पासवर्ड घेऊन खाली मंदाबाईच्या काउंटरवरून जायला सांगितलं. काळी खिडकी उघडली, पासवर्ड घेतला, आणि पापणी लवायच्या आत गायब! सकाळी जिला सुनावलं ती मंदाबाई आणि खालची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "कीबोर्ड खराब दिसतोय." मंदाबाई पदर तोंडाला लावून हसली, ते मला दिसलं.

मोहिनीनं दोन्ही गोष्टी वहीत टिपल्या आणि मग जे केलं त्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. तिनं आपला नवा मेनू बाजूला ठेवला आणि दिवाळीआधीचा जुना परत लावला. पाचच मिनिटांत खालून आरडाओरडा झाला, "चालू झालं!" धुळं चालू, पाचोरा चालू, पारोळा चालू. साक्रीचा काउंटर तेवढा थांबला, पण गाड्यांचा खोळंबा संपला.

जिनेश टाळी वाजवून म्हणाला, "सिद्ध झालं! तुझा मेनू काढला की चालतं. नवं सॉफ्टवेअर देणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा माणूस उद्या येतोय. काकासा, हिचं पत्र तयार करा." मला तो काकासा म्हणतो.

असं होणार हे तिला ठाऊक होतं. जुना मेनू लावला की चूक आपल्या गळ्यात पडणार हे माहीत असूनही तिनं आधी लोकांचं काम सुरू करून दिलं. मी असतो तर आधी माझी मान सोडवली असती.

"जिनेशशेठ, पाचपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "हाच मेनू मी धनत्रयोदशीला खालच्या काउंटरवरून चालवून बघितला होता. तेव्हा चालला. मधे काय बदललं ते मला बघू द्या. नाही सापडलं तर पत्र घेऊन जाईन."

आवाज चढलेला नव्हता, पण ही नोकरी तिला हवी होती. घरी वडील अंथरुणाला, धाकटी बहीण नर्सिंगला. साक्रीचा काउंटर व्हावा म्हणून ती दोन वर्षं शेठच्या मागे लागली होती, म्हणजे कधीतरी बदली मिळून घराजवळ जाता येईल. हे सगळं आम्हाला माहीत होतं. जिनेश घड्याळाकडे बघत म्हणाला, "पाच म्हणजे पाच."

मी माझ्या टेबलाशी बसून पत्र लिहायला घेतलं. कामावरून कमी करण्याची पत्रं मी आजवर हातानंच लिहीत आलोय. चार ओळी झाल्या, सही राहिली. समोर ती, झमकूबाईंच्या फोटोखाली, माझ्याकडे पाठ करून बसलेली.

मग मी बघतच राहिलो. मला काम करणारी माणसं बघायची सवय आहे. आमचा झुलाल हमाल गाडी भरतो तेव्हा लोक उभे राहून बघतात, इतकं ते नेमकं असतं. तसंच हे होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, बदललेलं पुन्हा होतं तसं करायचं, मग दुसरी. "असं असेल" हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही. मी मधेच म्हणालो, "धुळ्याची लाईन खराब असेल." ती म्हणाली, "मग खालच्या काउंटरला काय झालं, नाना?" पुन्हा थोड्या वेळानं म्हणालो, "अगं, ती फाईलच उघडून बघ ना सरळ!"

"आपलं लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं," ती म्हणाली. "मला पाठ आहे ती. उघडली तर डोळे मला पाठ आहे तेच वाचतील. आधी कुठं शोधायचं ते कळू दे, मग उघडते."

हे ऐकून मी टेबलावरचं पत्र उगीचच पालथं घातलं.

तिनं एक खोटं नाव तयार केलं आणि नवा मेनू फक्त त्या नावाला जोडला. लोटनला फोन केला. "लोटनभाऊ, या नावानं या." लोटन म्हणाला, "आते बी तसंच शे, ताई. मिटी गयं." तेच नाव केबिनच्या कीबोर्डवरून टाकलं, मेनू उघडला. मग त्या नावाचा मेनू काढून घेतला आणि लोटनला परत यायला सांगितलं. लोटन बिनबोभाट आत आला. म्हणजे लाईन चांगली, पासवर्ड चांगला, नाव चांगलं. मेनूही केबिनमधून चांगला. फक्त नवा मेनू आणि बाहेरचं दार, म्हणजे काउंटरवरून आत यायची वाट, ही दोन एकत्र आली की बिनसतं. तिनं वहीत या ओळीखाली रेघ ओढली.

अडीचच्या सुमाराला तिनं सर्व्हरची येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद काढली. सर्व्हर आत आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहून ठेवतो. ती एका ओळीवर थांबली, मग वळून माझ्याकडे पाहिलं, आणि परत पडद्याकडे वळली. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून मी ती मनावर घेतली नाही.

सव्वातीनला ती पुटपुटली, "बाहेरच्यांची खिडकी मिटते, म्हणून काय म्हणणं आहे ते वाचता येत नाही." मग तिनं जे केलं त्याला मी मनात सलाम ठोकला. तिनं सर्व्हरवर बसूनच, सर्व्हरमधून बाहेरच्या दारानं पुन्हा सर्व्हरमध्ये जायचा हुकूम दिला. घरातच बसून आपल्याच दाराची कडी वाजवावी तसं. दार मिटलं, पण आता खिडकी तिची होती, ती मिटली नाही. मागे एकच ओळ राहिली: ही फाईल चालवता येत नाही, तिचा फॉरमॅट चुकीचा आहे.

"आता उघडायची," ती म्हणाली.

आधी तिनं फाईलची माहिती मागवली. फाईलमध्ये शेवटचा बदल कधी झाला ते पडद्यावर आलं. लाभपंचमी. सकाळी नऊ वाजून सव्वीस मिनिटं.

फाईल उघडायची गरजच नव्हती, पण तिनं उघडली. सगळ्यात वर, तिच्या पहिल्या ओळीच्याही वर, इंग्रजी अक्षरांत मी लिहिलेला श्री होता.

मास्टर पासवर्डचं बंद पाकीट माझ्या कपाटात असतं, अडीनडीसाठी. मुहूर्ताआधी वह्या मांडताना माझ्या मनात आलं, यंदा मेनूही नवा आहे, मग त्याच्यावर श्री नको? पाकीट फोडलं, आत गेलो, चौऱ्याण्णवचा एडिटर उघडला, बरोबर सव्विसाव्या मिनिटाला वर एक ओळ घातली, मिटलं आणि नमस्कार केला. आणि सकाळी तिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो नाही हो! मला खरंच वाटलं की कुणी हात लावलेला नाही. श्री लिहिणं म्हणजे हात लावणं, असं आमच्यात कोण म्हणतं?

"मोहिनी," मी म्हणालो. आणि पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाना, हे असं असतं," तिनंच समजावलं, अगदी हळू आवाजात. "ही फाईल कुणी वाचायची ते पहिल्या ओळीत लिहावं लागतं. बोजावर पत्ता असतो तसं. तुमच्या केबिनचं दार झुलालकाकांसारखं आहे. पत्ता दिसला नाही तरी ओळखीवर माल आत घेतं. बाहेरचं दार कडक. पत्ता पहिल्या ओळीत नसला की माल परत. म्हणून तुम्हाला चाललं आणि बाकी कुणाला नाही."

"पण माझ्या पडद्यावर काहीच का दिसलं नाही? श्री बघून मशीन काहीतरी बोललं असेलच ना?"

"बोललं. हा शब्द मला कळत नाही म्हणालं. पण मेनूचं पहिलं कामच पडदा पुसायचं. लगेच पुसलं गेलं."

मी खुर्चीवर बसलो. साडेतीन झाले होते. ती बघत होती माझ्याकडे. मग म्हणाली, "मी ही ओळ काढते. जिनेशशेठना सांगते, फाईलमध्ये एक ओळ जास्तीची पडली होती. कुणी घातली ते नको सांगायला."

"तुला कधी कळलं? मघाशी बघितलंस माझ्याकडे."

"अडीचला. लाभपंचमीला या केबिनमधून मास्टर नावानं कुणीतरी आत आलेलं नोंदीत होतं. पाकीट तुमच्याकडे असतं." तिनं वही मिटली. "पण आत आले म्हणजे बिघडवलं असं होत नाही ना, नाना? कशानं बिघडलं ते कळल्याशिवाय माणसाचं नाव कसं घ्यायचं?"

मी सकाळपासून किती नावं घेतली होती ते मोजलं. लोटन, पारोळ्याचा, पाचोऱ्याचा, मंदाबाई, कीबोर्ड, धुळ्याची लाईन आणि ही. छप्पन्न वर्षांच्या माणसाला सत्तावीस वर्षांच्या पोरीसमोर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कौतुक जास्त वाटलं. असं माणूस आपल्या खोलीत चार वर्षं बसतंय आणि आपण त्याला कमी बोलतं म्हणून नावं ठेवतोय!

मी उठलो, दार उघडलं आणि जिनेशला हाक मारली. मंदाबाई आणि खालची दोन-तीन माणसंही जिन्यात आली. बरंच झालं.

"मेनू मी बिघडवला," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "मुहूर्ताला फाईलवर श्री लिहिला. मोहिनीचा मेनू चोख होता. तिला माझं नाव अडीच वाजल्यापासून माहीत होतं, आणि आताही ती ते झाकायला निघाली होती."

जिनेश माझ्याकडे, मग पडद्यावरच्या श्रीकडे, मग आजीच्या फोटोकडे बघत राहिला. काकासाला ओरडायचं कसं, हे त्याला सुचेना. शेवटी तो मोहिनीला म्हणाला, "पुण्याच्या माणसाला मी उद्या नको म्हणून कळवतो. तूच ठेव हे नीट." आणि जिना उतरता उतरता थांबून म्हणाला, "चुकलं माझं."

मोहिनी पुन्हा फाईलकडे वळली. मी म्हणालो, "पुसून टाक तो श्री. माझ्या डोळ्यांदेखत."

"पुसायचं कशाला?" तिनं ती ओळ उचलून दुसऱ्या ओळीवर ठेवली आणि श्रीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकलं, दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. "हे चिन्ह लावलं की मशीन ती ओळ सोडून देतं. माणूस उघडेल तेव्हा मात्र वाचेल. राहू दे, नाना, मुहूर्ताचा आहे."

मग तिनं नवा मेनू सगळ्यांना लावला. फोनवर लोटन ओरडला, "उघडनं! ताई, उघडनं! साक्री बी दिसी राहिनं!" तेव्हा मोहिनी दिवसभरात पहिल्यांदा हसली, आणि डोळेही पुसले. डबा तसाच पडला होता. मी म्हणालो, "आधी जेव."

जेवता जेवता तिची नजर माझ्या टेबलावर गेली. "ते पत्र माझं ना? बघू."

फाडायला हवं होतं, मी विसरलो होतो. आता लपवण्यात काय अर्थ होता? दिलं. तिनं सुलटं केलं. डोक्यावर, मधोमध, माझ्या वळणदार अक्षरात श्री होता, आणि त्याखाली तिला कामावरून कमी करणाऱ्या चार ओळी. एका पोरीची भाकरी काढतानाही माझ्या हातानं सवयीनं आधी श्री लिहिला होता.

तिनं भाकरीचा हात पदराला पुसला, वहीतलं पेन घेतलं आणि त्या चार ओळींच्या आधी, एकेका ओळीला, हॅशचं चिन्ह काढलं. श्रीला हात लावला नाही. पत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "आते एवढी वरनी ओळच चालई, नाना."

ते पत्र मी कपाटात ठेवलंय, मास्टर पासवर्डच्या पाकिटाशेजारी. पाकीट आता तिच्या नावाचं आहे.